चारच्या सुरुंगानंतर

मुडदा सापडला संध्याकाळी सहाला, आणि साडेसहापर्यंत टेकडीने गुन्हेगारही ठरवून टाकला. फौजदारबाई जीपमधून उतरल्या तेव्हा तपास करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. कामवालीला पायरीवर बसवलं होतं. तिच्या डोक्यावर रखवालदार काठी घेऊन उभा होता. आजूबाजूच्या बंगल्यांतली साहेबमंडळी नाकाला रुमाल लावून फाटकापाशी जमली होती. मेलेल्या माणसाचं दुःख एकाच्याही तोंडावर दिसत नव्हतं. आपल्या हिरवळीवर कुणीतरी केर आणून टाकल्याचा राग तेवढा दिसत होता.

"हीच ती," डॉक्टर म्हणाले. "घेऊन जा आणि मोकळ्या व्हा."

"आधी आत जाऊन येते," फौजदारबाई म्हणाल्या. "मेलेल्याला भेटायची पद्धत आहे आमच्यात."

फौजदारबाईंची पन्नाशी उलटली होती. गुडघे कुरकुरत होते आणि जीभ ताब्यात नव्हती. या जिभेपायीच त्यांच्या बदल्या होत होत त्या या गावापर्यंत आल्या होत्या. रेल्वे संपते, मग डांबर संपतं, आणि मग बराच वेळ काहीच नाही असं वाटत असताना हे खाणीचं गाव लागतं. याच्यापुढे बदली करायला सरकारकडे जागाच नव्हती. त्यामुळे त्यांना आता कुणाचीच भीती उरली नव्हती.

खाणीच्या खड्ड्याशेजारी मजुरांच्या चाळी होत्या. त्याला सगळे 'खाली' म्हणत. टेकडीवर डझनभर बंगल्यांची साहेबांची वसाहत होती. ते 'वर'. सगळे बंगले एकाच साच्यातून काढलेले, त्यामुळे कोण मोठा आणि कोण छोटा हे ठरवायला तिथल्या लोकांना फार कष्ट पडत. कुंड्या मोजाव्या लागत, नोकर मोजावे लागत, क्लबात कोण कुणाला आधी नमस्कार करतो ते डोळ्यांत तेल घालून पाहावं लागत असे. एवढं करूनही जो मोठेपणा हाताला लागे तो खालच्या लोकांकडे पाहूनच लागे. खालचे नसते, तर हे बिचारे वरचे कशाचे राहिले असते?

मेलेला माणूस खाणीचा सर्व्हेअर होता. एकटा राहणारा, तऱ्हेवाईक, मोजमापाचा नादी. तो बैठकीच्या खोलीत पालथा पडला होता. डोक्याची मागची बाजू फुटली होती. शेजारीच भिंत सरळ आहे का ते पाहायचा पितळी ओळंबा पडला होता, दोरीसकट. असा ओळंबा मुठीत मावतो, पण हातात घेतला की वजन कळतं. हा रक्ताने माखला होता.

फौजदारबाई गुडघ्यांना शिव्या देत खाली बसल्या. त्यांनी प्रेताचा खांदा जरासा उचलला. खालच्या फरशीवर पिठासारखी राखाडी धूळ होती. बोट फिरवलं, तर बोट राखाडी झालं. मग त्यांनी सदऱ्याच्या पाठीवरून बोट फिरवलं. ते स्वच्छ राहिलं.

"कसली ही धूळ?"

"चारच्या सुरुंगाची, मॅडम," हवालदार म्हणाला. तो खालीच जन्मला होता आणि टेकडीवर आला की आपोआप पोट आत घेऊन चालत असे. "रोज चारला भोंगा होतो, मग सुरुंग. सगळं हादरतं. बायका कपाटं धरून उभ्या राहतात. मग अर्धा तास धुरळा. तेव्हा सगळे खिडक्यादारं लावून बसतात, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. धुरळा बसला की फडकं मारायचं, भिंतीवरच्या चौकटी सरळ करायच्या, आणि मग चहा. वर काय, खाली काय, सगळ्यांचं हेच. हाताला सवयच लागलीय."

फौजदारबाईंनी मान वर केली. समोरच्या भिंतीवर चौकटीच चौकटी होत्या. हंस, डोंगर, होडी, पुन्हा हंस. बाजारात मिळतात तसली स्वस्त चित्रं, सगळी एकाच मापाची, एकाच रांगेत. सगळी अगदी सरळ. वरच्या कडांवर धूळ बसली होती, आणि प्रत्येक चौकटीच्या खालच्या कोपऱ्यावर धुळीत बोट उमटलं होतं. त्यांनी एक हंस जरा बाजूला सारला. मागे भिंतीवर पेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या, एकीखाली एक, पंख्याच्या काड्यांसारख्या पसरलेल्या.

"काय हौस म्हणायची," हवालदार म्हणाला.

"त्या बोटांवर कुणाचा हात पडू देऊ नका," बाई म्हणाल्या आणि बाहेर आल्या.

डॉक्टर तिथेच होते. त्यांचा बंगला शेजारचाच.

"मृत्यू कधी झाला?"

"तीनच्या सुमारास."

"हात लावून पाहिलंत?"

"दारातून दिसतंय की."

"दारातून तीन वाजलेले दिसले?"

डॉक्टरांना असल्या प्रश्नांची सवय नव्हती. "अहो, साडेतीनपर्यंत ती बाई घरात होती. त्यानंतर गेली. म्हणजे तीनच, नाही का?"

"वा," फौजदारबाई म्हणाल्या. "शिकलेला माणूस असा लगेच ओळखू येतो."

*

चौकीत कामवाली बाकाच्या टोकाला बसली होती. पस्तिशीची, हडकुळी. संध्याकाळच्या कामाला सहाला परत आल्यावर तिने प्रेताचं डोकं उचलून मांडीवर घेतलं, तेव्हा लागलेलं रक्त तिच्या तळहातांवर वाळलं होतं. ते धुवायला तिला कुणी पाणी दिलं नव्हतं. फौजदारबाईंनी आधी पाणी मागवलं, मग चहा.

"तुम्ही साडेतीनला निघालात. मग कुठे होतात?"

हवालदाराने चमकून पाहिलं. कामवालीला 'तुम्ही' म्हणणारं माणूस त्याने अजून पाहिलं नव्हतं.

"घरी. सासऱ्यांजवळ. त्यांची छाती खाणीनं खाल्लीय, बाई. दुपारी दम लागतो, धरून बसवावं लागतं."

"आणखी कुणी पाहिलं?"

"दारं लावलेली ना, धुरळ्याची. सासरे सांगतील. पण त्यांचं कोण ऐकणार?"

"परवा साहेब तुमच्यावर ओरडले. 'हात लावलास तर याद राख!' शेजारी ऐकू गेलं. कशाला हात लावला होतात?"

"चौकटींना." ती कसनुसं हसली. "सुरुंगानंतर वाकड्या होतात, तर मी आपल्या सवयीनं एक सरळ केली. एवढे चिडले! म्हणाले, वाकड्या राहू देत, रोज किती वाकतात ते मला मोजायचंय, पेन्सिलीनं मांडून ठेवलंय. मग मी हात नाही लावला. पण कसंतरी व्हायचं बाई. केर काढताना सारखी नजर तिकडेच जायची."

"आज केर कधी काढलात?"

"जेवणं झाल्यावर. फरशीही पुसली."

फौजदारबाईंनी ते वहीत लिहून घेतलं. कामवालीला ते लिहिणं वेगळंच वाटलं. तिने एकदम त्यांचा हात धरला.

"मला आज ना उद्या जिल्ह्याला पाठवणार ना? पाठवा. पण खोली माझ्या नोकरीवर आहे. माणूस तुरुंगात गेला की खोली काढून घेतात. सासऱ्यांना कुठे ठेवतील? ते उठूनसुद्धा बसू शकत नाहीत हो."

"कुणी सांगितलं खोली काढून घेतात?"

"मॅनेजरसाहेबांचा माणूस मघाशीच येऊन गेला," हवालदार खाली मान घालून म्हणाला. "उद्या पाचच्या जीपने हिला पाठवली की संध्याकाळी खोली मोकळी करायची, असा निरोप आहे."

प्रेत अजून उचललं नव्हतं आणि खोलीची वाटणी झाली होती. टेकडीवरच्या लोकांना आळशी म्हणण्याची कुणाची टाप नव्हती.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदारबाई मॅनेजरच्या बंगल्यावर गेल्या. मॅनेजर कचेरीत निघायच्या गडबडीत होता. काल चारला तो खाणीच्या तोंडाशी उभा होता, भोंग्याचं बटण त्याच्याच हाताखाली होतं, आणि अख्ख्या पाळीने त्याला पाहिलं होतं.

"सर्व्हेअरचं आणि तुमचं काही बिनसलं होतं?"

"त्याचं सगळ्यांशीच बिनसलं होतं. डोक्यात खूळ घेतलं होतं त्यानं. म्हणे टेकडीखालून जुनी खाण गेलीय, ती नीट बुजवलेली नाही, वसाहत खचतेय. क्लबात येऊन एकदा जमिनीवर गोट्या सोडल्या. त्या घरंगळत कोपऱ्यात गेल्या, तर म्हणतो, बघा! अहो, गोट्या घरंगळायच्या नाहीत तर काय करायच्या?"

"आज मुख्य कचेरीतले साहेब येणार होते म्हणे."

"होते. कळवलं त्यांना, एवढ्यात नका येऊ म्हणून. काल जेवायच्या सुट्टीपूर्वी तोच मला सांगून गेला होता, पाहुण्यांना मी माझ्या घरी नेणार आणि डोळ्यांनी दाखवणार. काय दाखवणार, देव जाणे."

"हे कुणाला बोललात?"

"कुणाला बोलणार? घरी जेवताना विषय निघाला असेल." एवढं म्हणून तो घड्याळाकडे पाहत निघून गेला.

मॅनेजरीणबाईंनी फौजदारबाईंना वेताच्या खुर्चीवर बसवलं. गादीची खुर्ची मोकळीच राहिली. चहा जाड कपातून आला. पातळ कप काचेच्या कपाटात मांडलेले दिसत होते आणि ते पोलिसांसाठी नव्हते. बसताना वेताची खुर्ची डगमगली. गालिच्याखाली काहीतरी उंचसखल होतं.

"काल चारनंतर कुठे होतात?"

"क्लबात. पाहुणे यायचे होते ना. पडदे, फुलं, सगळं मलाच बघावं लागतं. नोकरांवर सोडलं की झालंच."

"सोबत कुणी?"

"माळ्याला फुलं आणायला पिटाळलं होतं. मला साक्षीदार ठेवून वावरावं लागतं हे माहीत नव्हतं."

"सर्व्हेअरच्या घरी शेवटच्या कधी गेला होतात?"

"मी?" बाईंनी नाक असं मुरडलं की ते पुन्हा जागेवर येईल की नाही अशी शंका यावी. "दोन महिने त्या घराची पायरी चढले नाही. मी नाही, कुणीच नाही. त्यानं त्या गोट्यांचा तमाशा केला, त्या दिवसापासून आम्ही त्याला बोलावणं बंद केलं. मीच सांगितलं होतं सगळ्यांना."

"काल सहाला, गर्दी जमली तेव्हा?"

"फाटकातूनच मागे फिरले. प्रेतं बघायची मला हौस नाही. आणि काय हो, एवढं विचारायचं कशाला? बाई सापडलीय ना? तिला मी चांगली ओळखते. आधी माझ्याकडे होती. चार दिवसांत काढली. हाताला वळण म्हणून नाही. खिडक्या उशिरा लावायची, माझ्या पडद्यांचा रंग गेला तिच्यापायी. त्याच्याकडे तर काय, विचारणारं कुणी नाही! भिंतभर चौकटी, आणि एक सरळ असेल तर शपथ! आणि तोंड केवढं! मला म्हणाली, बाई, तुमच्या फरशीला तडा गेलाय. माझ्या फरशीला! गालिचा उचलून बघायचं काय कारण होतं तिला? असल्यांना घरात घेतलं की आज ना उद्या हे व्हायचंच."

बोलता बोलता त्या उठल्या आणि भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोचा कोपरा करंगळीने किंचित वर सारला. फोटो आधीच सरळ होता.

फौजदारबाईंनी चहा तसाच ठेवला आणि त्या निघाल्या.

परतताना त्या डॉक्टरकडे थांबल्या. काल चारला ते घरी एकटेच होते, झोपलेले. असं ते म्हणाले, आणि तसं म्हणताना त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. सर्व्हेअरने त्यांच्या दवाखान्याच्या भिंतीला पडलेल्या भेगा चारचौघांत दाखवल्या होत्या आणि त्यावरून दोघांची चांगलीच जुंपली होती, हे हवालदाराला माहीत होतं. मधल्या कुंपणाला फाटकही होतं.

"हाच असेल का, मॅडम?" जीपमध्ये बसताना हवालदार कुजबुजला. वरच्या माणसाचा संशय घ्यायचा, म्हणून त्याने आधी आजूबाजूला पाहून घेतलं.

"त्या भिंतीवरच्या चौकटी बाजारातल्या सुताराकडच्या दिसतात. चला त्याच्याकडे."

सुतार चौकटींचंही दुकान चालवत होता.

"सर्व्हेअरसाहेबांकडे चौकटी कधी लावल्यास?"

"गेल्या सोमवारी. त्याआधी भिंत नुसती पांढरी होती. मीच खिळे ठोकले. म्हणाले, चित्र कसलंही दे, वजन सारखं पाहिजे. म्हणून हंस जास्त झाले."

"टेकडीवर कुणाला सांगितलंस?"

"टेकडीवरचं कोण आमच्याशी बोलतं, बाई? निरोप येतात नुसते."

फौजदारबाई हसल्या. या गावात आल्यापासून पहिल्यांदाच.

*

साडेतीनला त्यांनी सगळ्यांना सर्व्हेअरच्या बैठकीत बोलावलं. जबाबावर सह्या करायच्या आहेत, म्हणजे पाचच्या जीपने कामवालीची रवानगी करता येईल, असा निरोप होता. सह्यांसाठी टेकडी इतकी तत्परतेने क्वचितच हलली असेल. डॉक्टर आले, मॅनेजर आला, मॅनेजरीणबाई अत्तर लावून आल्या. कामवाली दाराशी उभी होती. तिला कुणी बस म्हटलं नाही, तेव्हा फौजदारबाईंनी स्वतःची खुर्ची तिच्याकडे सरकवली. मॅनेजरीणबाईंनी भुवया उंचावल्या.

"डॉक्टर," फौजदारबाईंनी सुरुवात केली, "तुमचे तीन वाजलेले मी बाजूला ठेवते. या बाईंनी दुपारी फरशी पुसली होती. चारला सुरुंग झाला, धूळ पडली. प्रेताच्या खाली धूळ होती, पाठीवर नव्हती. म्हणजे धूळ आधी पडली आणि माणूस नंतर. तो मेला चारनंतर, धुरळा बसल्यावर. तुम्ही दोन पावलं आत येऊन हात लावला असतात, तर तुम्हालाही कळलं असतं."

डॉक्टर बुटांकडे बघू लागले.

"पण मग ही परत आली असेल," मॅनेजर म्हणाला.

"तेच बघू. समोरची भिंत पाहा. चौकटी कशा आहेत?"

"सरळ."

"काल संध्याकाळी मी आले तेव्हाही अशाच होत्या. रोजच्या सुरुंगाने चौकटी वाकड्या होतात, तुमच्या सगळ्यांच्या घरी होतात. कालही झाल्या असणार. मग सरळ कुणी केल्या? त्यांच्यावरच्या धुळीत बोटं उमटलीत. म्हणजे सुरुंगानंतर या खोलीत कुणीतरी फिरलं आणि एकेक चौकट नीट लावत गेलं. सर्व्हेअरने? शक्य नाही. त्याला त्या वाकड्याच हव्या होत्या. भिंत रोज किती कलते ते तो त्यांच्यावरून मोजत होता, मागे रेघा मारत होता. आज पाहुण्यांना तो हेच दाखवणार होता. या बाईंनी? त्यांनी एकदा एक चौकट सरळ केली, तर तो कडाडला, 'हात लावलास तर याद राख.' डॉक्टर, ते तुम्ही कुंपणापलीकडून ऐकलंत आणि त्यावरून तिला चोर ठरवलंत. या घरात चौकटींना हात लावायचा नाही, हे जगात एकाच जिवंत माणसाला ठाऊक होतं. ते माणूस हे इथे बसलंय."

कामवालीने पदर तोंडावर धरला.

"म्हणजे चौकटी सरळ करणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं. त्याला फक्त सवय होती. टेकडीची सवय."

"सवय सगळ्यांनाच आहे," डॉक्टर घाईने म्हणाले. "खालच्यांनाही."

"आहे ना. म्हणून मी थांबले. मग आज सकाळी मला कुणीतरी सांगितलं की या घरात भिंतभर चौकटी, आणि एक सरळ असेल तर शपथ."

फौजदारबाई वळल्या.

"मॅनेजरीणबाई, या चौकटी गेल्या सोमवारी लागल्या. त्याआधी भिंत रिकामी होती, सुतार सांगेल. तुम्ही तर दोन महिने या घराची पायरी चढला नव्हता. काल सहानंतर तुम्ही आत डोकावलं असतंत, तरी तुम्हाला त्या सरळच दिसल्या असत्या, आम्हा सगळ्यांना दिसल्या तशा. वाकड्या चौकटी पाहिलेलं माणूस एकच असू शकतं. ज्यानं त्या सरळ केल्या ते."

"कुणीतरी बोललं असेल माझ्याजवळ," बाई म्हणाल्या. आवाज नेहमीपेक्षा वर गेला होता.

"कोण? सर्व्हेअरला तुम्ही वाळीत टाकलं होतं. कुणी त्याच्या घरी जात नव्हतं, कारण तुम्हीच तसं फर्मान काढलं होतं. राहिल्या या बाई. तुम्ही यांच्याबद्दल बोलता. यांच्याशी कधी बोललात? आणि सुताराला तुम्ही निरोप पाठवता."

मॅनेजर बायकोकडे पाहू लागला. त्या त्याच्याकडे पाहत नव्हत्या.

"काल जेवताना यांनी तुम्हाला सांगितलं, तो पाहुण्यांना घरी नेणार. तुम्ही माळ्याला पिटाळलंत आणि धुरळ्यात बाहेर पडलात. तेव्हा सगळी वसाहत दारं लावून बसते, तुम्हाला कोण बघणार? त्यानं तुम्हाला आनंदाने आत घेतलं असेल. दोन महिन्यांत पहिलं माणूस आलं होतं बिचाऱ्याकडे. त्यानं ओळंबा दाखवला, रेघा दाखवल्या, आणि पाठ वळवली. मग तो पडल्यावर तुम्ही काय केलंत? माणूस पायाशी रक्तात पडलाय आणि तुम्ही हंस सरळ करत फिरताय! मी आजवर खुनी पुष्कळ पाहिले, बाई. कुणी रडतं, कुणी पळतं. मेल्या माणसाच्या घरात आवराआवर करणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं. ती बोटं जिल्ह्याचा माणूस उद्या येऊन जुळवेल. हवं तर वाट पाहू."

वाट पाहावी लागली नाही.

"मग काय करायचं होतं मी?" मॅनेजरीणबाई ओरडल्या. "त्याला सांगितलं, उतरव हे सगळं. तर हसला! म्हणाला, बाई, तुमचा बंगला आधी जाणार, तुमच्याच खाली सगळ्यात पोकळ आहे. वसाहत रिकामी करतील आणि दुसरी होईपर्यंत सगळ्यांना खाली चाळीत ठेवतील. मी चाळीत राहू? नळावर बादली घेऊन उभी राहू? हिच्या शेजारी?" त्यांचं बोट कामवालीवर रोखलेलं होतं. "वीस वर्षं मी ही टेकडी सांभाळली! त्या दीडदमडीच्या माणसानं ती दोन गोट्यांनी खाली आणायची?"

"हळू बोल," मॅनेजर दबक्या आवाजात म्हणाला. "खालचे लोक ऐकतील."

फौजदारबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. थुंकण्यासारखं काही तोंडात आलं होतं, ते त्यांनी गिळलं. एका माणसाचा जीव गेला होता, दुसरी पाचच्या जीपने तुरुंगात जायची होती, एका म्हाताऱ्याचं अंथरूण रस्त्यावर पडायचं होतं, आणि या गृहस्थाला आवाजाची काळजी होती.

"जीप पाचलाच निघेल," त्या हवालदाराला म्हणाल्या. "माणूस फक्त बदललं. आणि खोली मोकळी करायला जो येईल त्याला माझ्याकडे पाठवा. मुख्य कचेरीच्या साहेबांना मी स्वतः फोन करते. त्यांना म्हणावं, या. बघण्यासारखं पुष्कळ आहे."

हवालदार मॅनेजरीणबाईंजवळ गेला. सवयीने पोट आत घेतलं होतं, ते त्याने अर्ध्या वाटेत सोडलं.

तेवढ्यात भोंगा झाला.

सगळे जागच्या जागी थांबले. मॅनेजरीणबाईंनीसुद्धा हात लांबवून टेबलाची कड धरली. मग जमिनीच्या पोटातून तो आवाज आला, खिडक्या वाजल्या, छतातून थोडी माती पडली. समोरच्या भिंतीवरचे सगळे हंस, डोंगर आणि होड्या एकाच बाजूला झुकल्या.

फटींतून धूळ आत येऊ लागली. मॅनेजर भिंतीजवळच उभा होता. त्याची नजर कुठेतरी दुसरीकडेच होती, पण त्याचा हात आपोआप उचलला गेला आणि जवळच्या चौकटीच्या कोपऱ्याकडे निघाला.

"राहू द्या, साहेब," कामवाली खुर्चीवरून म्हणाली. ती उठली नाही. "हात लावू नका."

मॅनेजरने हात खाली घेतला.